मॅच हरलो की पहिला दगड कर्णधारालाच का बसतो?

मॅच संपते. समोरचा संघ मैदानात उड्या मारत असतो, आपले खेळाडू मान खाली घालून हात मिळवत असतात आणि इकडे मोबाईलवर दुसरी मॅच सुरू होते.

"याला कॅप्टन केलंच कुणी?" "टॉस जिंकून बॉलिंग घेतो का कुणी?" "तो कॅच सोडला तिथंच मॅच गेली." "याला आधी टीममधून हाकला." बक्षीस समारंभ सुरू होईपर्यंत इथला निकाल लागलेला असतो. अकरा जण खेळले, पण आरोपी एक, फार तर दोन. त्यातही कर्णधाराचा नंबर बहुतेक वेळा पहिला.

आता हे सगळं सोशल मीडियामुळे झालं असं आपल्याला वाटतं. पण मोबाईल नव्हते तेव्हाही हेच व्हायचं. फरक इतकाच की तेव्हा कमेंटच्या जागी खरे दगड यायचे, आणि ते एका मराठी कर्णधाराच्या घरावर आले होते.

म्हणून प्रश्न साधा आहे. संघ हरतो तेव्हा चूक कुणाची? कर्णधाराची की खेळाडूंची? उत्तर शोधायला आपण त्या दगडांपासूनच सुरुवात करू.

तीन वर्षांत मिरवणुकीपासून दगडांपर्यंत

साल 1971. भारतीय संघाचा कर्णधार निवडायचा होता. एका बाजूला मन्सूर अली खान पतौडी, दुसऱ्या बाजूला मुंबईचे अजित वाडेकर. निवड समितीची मतं सारखी पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. म्हणजे वाडेकर कर्णधार झाले ते एका मताने.

पुढे जे झालं ते इतिहासात गेलं. भारताने वेस्ट इंडिजमध्ये जाऊन पहिल्यांदा कसोटी जिंकली आणि मालिकाही 1-0 ने घेतली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ओव्हलला 24 ऑगस्टला भारत 4 विकेट्सनी जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी विजय, पहिला मालिका विजय. मुंबईत संघाची मिरवणूक निघाली. इंदूरमध्ये या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली गेली. 1972-73 मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, त्यालाही वाडेकरांच्या संघाने 2-1 ने हरवलं. लागोपाठ तीन मालिका विजय.

मग आला 1974 चा इंग्लंड दौरा. तीन कसोटी, तीन पराभव. त्यातही लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात संघ 42 धावांत गारद झाला.

लोक भडकले. वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगडफेक झाली. इंदूरची ती बॅट विद्रूप करण्यात आली. वाडेकरांना दुलीप ट्रॉफीसाठीच्या पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं गेलं आणि त्यांनी क्रिकेटमधून निवृत्ती घेतली.

ज्या माणसाने तीन मालिका जिंकून दिल्या, तो एका दौऱ्यात संपला. मग तीन वर्षांत वाडेकर कर्णधारपद विसरले होते का?

1971 मध्ये कर्णधाराने नेमकं काय केलं होतं?

आधी विजयाचा हिशोब करू. कारण विजयातलं श्रेय बरोबर वाटता आलं, तर पराभवातला दोषही बरोबर वाटता येतो.

वेस्ट इंडिजमधली पहिली कसोटी किंग्स्टनला होती. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताची अवस्था 5 बाद 75 झाली होती. तिथून दिलीप सरदेसाई यांनी 212 धावा ठोकल्या, एकनाथ सोलकर यांनी साथ दिली आणि भारत 387 पर्यंत पोचला. वेस्ट इंडिजचा डाव 217 वर संपला.

आघाडी 170 धावांची. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑन द्यायला 200 ची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेल्यामुळे नियमानुसार ही कसोटी चार दिवसांची धरली जाणार होती आणि चार दिवसांच्या सामन्यात 150 ची आघाडी पुरते. वाडेकरांना हा नियम ठाऊक होता. त्यांनी थेट गॅरी सोबर्सना जाऊन सांगितलं की पुन्हा बॅटिंगला या. सामना अनिर्णित राहिला, पण मालिकेच्या सुरुवातीलाच भारत वेस्ट इंडिजला फॉलोऑन देतोय हे चित्र उभं राहिलं. हे श्रेय शंभर टक्के कर्णधाराचं.

पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. दुसऱ्या डावात चेंडू सलीम दुराणी यांच्या हातात दिला गेला. त्यांनी क्लाइव्ह लॉइड आणि सोबर्स या दोघांना झटपट परत पाठवलं. लॉइडचा झेल घेतला तो स्वतः वाडेकरांनी. चेंडू देण्याचा निर्णय कर्णधाराचा, चेंडू टाकण्याचं कसब दुराणींचं. इथं श्रेय निम्मं-निम्मं.

त्याच मालिकेत 21 वर्षांच्या सुनील गावसकर यांनी पदार्पणातच 774 धावा केल्या आणि सरदेसाईंनी 642. इथं कर्णधाराचं श्रेय फारसं नाही. धावा ज्याच्या त्याच्या.

आता इंग्लंड. ओव्हलला भागवत चंद्रशेखर यांनी 38 धावांत 6 बळी घेतले आणि इंग्लंड 101 वर आटोपला. तो विजय सगळ्यांना आठवतो. पण त्याआधीची मँचेस्टरची कसोटी कुणाला आठवत नाही. तिथं भारतापुढे 420 चं लक्ष्य होतं, अवस्था 3 बाद 65 होती आणि शेवटचा दिवस पावसाने धुऊन नेला. तो पाऊस आला नसता तर मालिका हातून जाण्याची दाट शक्यता होती. याचं श्रेय कर्णधारालाही नाही आणि खेळाडूंनाही नाही.

म्हणजे 1971 च्या विजयात कर्णधाराचा नियम आणि डोकं होतं, खेळाडूंचं कसब होतं आणि पाऊसही होता. मिरवणुकीत मात्र सगळे हार एकाच गळ्यात पडले.

आणि 1974 मध्ये काय बदललं?

सगळ्यात मोठा बदल कॅलेंडरमध्ये होता. 1971 चे कसोटी सामने जुलैच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपले होते. तोवर इंग्लंडमध्ये खेळपट्ट्या सुकलेल्या असतात, फिरकीला वाव मिळतो. 1974 चे सामने सुरू झाले 6 जूनला. गारठा, ओलावा, स्विंग होणारा चेंडू. भारताची सगळी ताकद फिरकीत आणि दौरा वेगवान गोलंदाजांच्या हवामानात. हा कार्यक्रम काही वाडेकरांनी ठरवलेला नव्हता.

दुसरी गोष्ट लॉर्ड्सवर घडली. चंद्रशेखर यांच्या अंगठ्याला दुखापत झाली आणि दहा षटकंही पूर्ण न करता त्यांना बाहेर जावं लागलं. तीन वर्षांपूर्वी ज्याने ओव्हल जिंकून दिलं, तोच गोलंदाज गेला. इंग्लंडने 629 धावांचा डोंगर रचला. बिशनसिंग बेदी यांनी 6 बळी घेतले, पण त्यासाठी 226 धावा मोजल्या.

भारताने पहिल्या डावात 302 केल्या. म्हणजे बॅटिंग करता येत नव्हती असं नाही. पण फॉलोऑननंतर ख्रिस ओल्ड आणि जॉफ अर्नोल्ड यांच्यापुढे संघ 17 षटकांत संपला. ओल्डचे 5, अर्नोल्डचे 4 आणि दुखापतग्रस्त चंद्रशेखर बॅटिंगलाच आले नाहीत. सोलकर नाबाद 18 वर उभे राहिले, तीच सर्वाधिक धावसंख्या. एक डाव आणि 285 धावांनी पराभव.

पुढच्या कसोटीत तर इंग्लंडने 2 बाद 459 वर डाव घोषित केला. सबंध डावात फक्त दोन विकेट. भारताने दोन डाव मिळून 381 केल्या. एक डाव आणि 78 धावांनी पराभव.

यात कर्णधाराचा दोष काहीच नव्हता का? होता. वाडेकरांची स्वतःची बॅट त्या मालिकेत चालली नाही, एकही अर्धशतक नाही. संघात सगळं आलबेल नव्हतं, कर्णधार आणि बेदी यांच्यात जमत नव्हतं, हेही पुढे बरंच लिहिलं-बोललं गेलं. संघ एकत्र ठेवणं हे कर्णधाराचंच काम, आणि ते नीट झालं नसेल तर जाब त्यालाच विचारला पाहिजे.

पण 17 षटकांत 42 वर बाद होणं हे कर्णधाराच्या कुठल्या निर्णयामुळे झालं? याचं उत्तर दगड मारणाऱ्यांकडे नव्हतं. वाडेकर कर्णधार असताना भारत 16 कसोटी खेळला. 4 जिंकल्या, 4 हरल्या, 8 अनिर्णित. लोकांनी जिंकलेल्या चारमध्ये त्यांना देव केलं आणि हरलेल्यांपैकी शेवटच्या तीनमध्ये खलनायक.

पराभवाची चार खाती

गावाकडे किराणा दुकानात प्रत्येकाचं खातं वेगळं असतं. एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर टाकली तर भांडण होतं. पराभवाचंही तसंच आहे. ढोबळमानाने चार खाती करता येतात.

पहिलं खातं निवडीचं. दौऱ्याला कुठले पंधरा-सोळा खेळाडू जाणार हे निवड समिती ठरवते. कर्णधाराचं मत विचारतात, पण सही समितीची असते. वेगवान गोलंदाज कमी नेले, राखीव सलामीवीर नेलाच नाही, तर ती उधारी समितीच्या नावावर.

दुसरं खातं निर्णयाचं. टॉस जिंकून काय घ्यायचं, अंतिम अकरा कोण, कुठल्या क्रमाने बॅटिंग, कुणाला कधी बॉल द्यायचा, फिल्डर कुठे उभा करायचा, रिव्ह्यू घ्यायचा की नाही, डाव कधी घोषित करायचा. फुटबॉलमध्ये यातलं बरंच काम प्रशिक्षक बाहेरून करतो. क्रिकेटमध्ये अंतिम अकरा कर्णधार आणि प्रशिक्षक मिळून ठरवतात, पण एकदा सामना सुरू झाला की मैदानातला मालक कर्णधार. म्हणूनच या खेळात कर्णधाराला इतकं महत्त्व आहे. क्रिकेटच्या नियमपुस्तकाच्या प्रस्तावनेतही खेळ खिलाडूवृत्तीने होतोय हे पाहण्याची मुख्य जबाबदारी कर्णधारांवरच टाकलेली आहे.

तिसरं खातं अंमलाचं. निर्णय झाला, आता तो राबवायचा. यॉर्कर सांगितला आणि फुलटॉस पडला, हातातला झेल सुटला, सोपी धाव असताना दोघं एकाच टोकाला पोचले. ही उधारी खेळाडूची. कर्णधार बॅटिंग करत असतो तेव्हा तोही याच खात्यात येतो.

चौथं खातं परिस्थितीचं. पाऊस, दव, खेळपट्टी, दुखापत, आणि हो, समोरचा संघ. आपण नेहमी विसरतो की समोरही अकरा जण पगार घेऊन जिंकायलाच आलेले असतात.

आता या चार खात्यांवर काही गाजलेले पराभव मांडून बघू.

2003 ची फायनल: निर्णय चुकला की बॉल?

23 मार्च 2003, जोहान्सबर्ग. सलग आठ सामने जिंकून भारत फायनलला आलेला. सौरव गांगुलीने टॉस जिंकला आणि ऑस्ट्रेलियाला बॅटिंग दिली. ऑस्ट्रेलियाने 2 बाद 359 केल्या. रिकी पाँटिंग नाबाद 140, डेमियन मार्टिन नाबाद 88. भारत 234 वर संपला. आजही पानटपरीवर विषय निघाला की लोक म्हणतात, "दादाने टॉसलाच मॅच घालवली."

पण गांगुलीच्या जागी उभं राहून बघा. त्याच स्पर्धेत सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने आधी बॅटिंग केली होती आणि 125 वर ऑलआउट होऊन 9 विकेट्सनी हरला होता. फायनलच्या सकाळी खेळपट्टीत थोडा ओलावा होता. झहीर, श्रीनाथ, नेहरा स्पर्धाभर चांगली गोलंदाजी करत होते. ही माहिती समोर ठेवली तर आधी बॉलिंग घेणं हा वेडेपणा नव्हता.

मग झहीरने पहिली ओव्हर टाकली. त्यात 15 धावा गेल्या. वाइड, नो-बॉल, सगळं झालं. ओलाव्याचा फायदा घ्यायला जो टप्पा लागतो तो पडलाच नाही. म्हणजे निर्णयाचं खातं वादग्रस्त आहे, पण मोठी उधारी अंमलाच्या खात्यात आहे. आणि पाँटिंगने त्या दिवशी जी बॅटिंग केली ती चौथ्या खात्यात.

कर्णधाराला विचारता येईल असा एक प्रश्न मात्र उरतो. अनिल कुंबळेसारखा गोलंदाज बाहेर का बसवला? त्या दिवशी दोन्ही विकेट हरभजनने घेतल्या होत्या, म्हणजे फिरकीलाच काय ते यश मिळालं. हा प्रश्न रास्त आहे. पण टॉसच्या आरडाओरड्यात तो कुणी फारसा विचारतच नाही.

120 धावा हव्या होत्या, कर्णधार काय करणार?

31 मार्च 1997, बार्बाडोस. कसोटी जिंकायला भारताला 120 धावा हव्या होत्या. कर्णधार सचिन तेंडुलकर. संघ 81 वर ऑलआउट झाला. दोन आकडी धावसंख्या गाठली फक्त व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने, 19. चेंडू कधी उसळत होता तर कधी खाली राहत होता आणि समोर अँब्रोस, बिशप, फ्रँकलिन रोझ.

आता सांगा, यात कर्णधाराचा कुठला डावपेच कमी पडला? 120 चा पाठलाग करताना फिल्डिंग लावायची नसते, बॉलर बदलायचा नसतो. बॅट्समनने उभं राहायचं असतं. पहिल्या डावात 92 करणारा सचिन स्वतः दुसऱ्या डावात 4 वर बाद झाला, तर ती बॅट्समन सचिनची उधारी, कर्णधार सचिनची नाही.

पण नोंद कर्णधाराच्या नावावर झाली. हा आपल्या कर्णधारपदातला सगळ्यात वाईट दिवस होता असं सचिनने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. त्याच्या नेतृत्वाखाली भारत 25 कसोटी खेळला आणि 4 जिंकला. या आकड्यांवरून सचिन वाईट कर्णधार होता असं सहज म्हटलं जातं. त्याच्या डावपेचांवर टीका जरूर करता येईल, पण त्या 25 मध्ये बार्बाडोसही मोजलेला आहे हे लक्षात ठेवून.

36 ऑलआउट, आणि मग कर्णधार बदलला

19 डिसेंबर 2020, ॲडलेड. भारताने 42 चा तो जुना विक्रम मोडला, पण उलट्या दिशेने. 36 धावा. एकही बॅट्समन दोन आकड्यांत गेला नाही. जॉश हेझलवूडने 8 धावांत 5 बळी घेतले. त्यानंतर विराट कोहली बाळंतपणाच्या रजेवर घरी परतला आणि अजिंक्य रहाणे कर्णधार झाला. मेलबर्न जिंकलं, सिडनी वाचवलं आणि 19 जानेवारी 2021 ला ब्रिस्बेनमध्ये 328 चा पाठलाग करून मालिका 2-1 ने खिशात घातली. गॅबावर ऑस्ट्रेलिया 1988 नंतर पहिल्यांदाच कसोटी हरला.

झालं. सोशल मीडियाचा निकाल आला. विराट वाईट कर्णधार, अजिंक्य महान.

जरा थांबा. मेलबर्नला फक्त कर्णधार बदलला नव्हता. संघात चार बदल होते. शुभमन गिल आला, मोहम्मद सिराज आला, ऋषभ पंत आला, रवींद्र जडेजा आला. यातल्या पंतने पुढे ब्रिस्बेनला नाबाद 89 केल्या, गिलने 91, आणि सिराजने डावात 5 बळी घेतले.

आणि एक गंमत. ॲडलेडच्या पहिल्या डावात विराट 74 वर सुंदर खेळत असताना रनआउट झाला, तो रहाणेच्या चुकीच्या कॉलवर. तिथून डाव घसरला. म्हणजे ॲडलेडला ज्याची चूक झाली तोच मेलबर्नचा हिरो.

मग रहाणेला श्रेय द्यायचं नाही का? द्यायचं, आणि भरपूर द्यायचं, पण नेमकं कशाचं ते बघून. मेलबर्नला त्याने अश्विनला पहिल्याच तासात बॉल दिला आणि स्टीव्ह स्मिथ शून्यावर गेला. हा निर्णय कर्णधाराचा. कोहलीच्या जागी बॅट्समनऐवजी जडेजाला घेऊन पाच गोलंदाज खेळवले, हा निर्णय कर्णधार आणि प्रशिक्षकांचा. स्वतः 112 केल्या, ते बॅट्समन रहाणेचं. सगळं एकाच "कॅप्टन्सी" नावाच्या पिशवीत कोंबलं की पुढच्या पराभवाला तीच पिशवी त्याच्या डोक्यात घातली जाते.

एका खेळाडूवर खापर फोडलं की काय होतं?

कर्णधाराऐवजी कधी कधी एखादा खेळाडू सापडतो. 24 ऑक्टोबर 2021, दुबई. टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये पाकिस्तानने भारताला 10 विकेट्सनी हरवलं. भारताच्या 151 धावा पाकिस्तानने एकही विकेट न गमावता पार केल्या.

10 विकेट्सनी पराभव म्हणजे काय? एकाही गोलंदाजाला एकही विकेट मिळाली नाही. पण शिव्यांचा पूर आला तो मोहम्मद शमीवर, आणि त्या त्याच्या धर्मावरून होत्या. त्याने 43 धावा दिल्या हे खरं. पण तो नसता तर भारत जिंकला असता का? हिशोब कुठूनही करा, जमत नाही.

तेव्हा कर्णधार विराट कोहली पत्रकार परिषदेत उघडपणे शमीच्या बाजूने उभा राहिला आणि धर्मावरून हल्ला करणाऱ्यांना त्याने खडे बोल सुनावले. मग त्याच्या तान्ह्या मुलीबद्दल ऑनलाइन धमकी आली आणि पोलिसांना एकाला अटक करावी लागली. 1974 मध्ये दगड घराच्या काचेपर्यंत पोचले होते. 2021 मध्ये ते पाळण्यापर्यंत पोचले.

पुढच्या वर्षी आशिया कपमध्ये अर्शदीप सिंगने पाकिस्तानविरुद्ध एक सोपा झेल सोडला, तर विकिपीडियावरच्या त्याच्या पानात कुणीतरी खलिस्तान घुसडलं. झेल सोडणं ही चूकच. पण ती तेवीस वर्षांच्या पोराच्या हाताची चूक होती, देशभक्तीची नव्हे.

मग कर्णधाराला जाब विचारायचाच नाही?

विचारायचा. काही पराभवांत निर्णयाचं खातं खरोखर लाल असतं.

2005 ची ॲशेस घ्या. एजबॅस्टनला सामना सुरू होण्याआधी ग्लेन मॅकग्रा सराव करताना बॉलवर पाय पडून जखमी झाला. ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात भरवशाचा वेगवान गोलंदाज बाहेर गेला. तरी पाँटिंगने टॉस जिंकून बॉलिंगच घेतली. इंग्लंडने पहिल्याच दिवशी 407 धावा कुटल्या. ऑस्ट्रेलिया तो सामना 2 धावांनी हरला. इथं मॅकग्रा नाही हे टॉसच्या वेळी पाँटिंगला ठाऊक होतं. म्हणजे "नंतर कळलं" ही सबब चालत नाही. ही उधारी त्याचीच.

नेमका फरक इथेच आहे. निर्णय चांगला की वाईट हे निकालावरून ठरवायचं नाही, निर्णय घेताना काय माहीत होतं यावरून ठरवायचं. चांगला निर्णय घेऊनही हरता येतं आणि फालतू निर्णय घेऊनही जिंकता येतं.

रोहित शर्माचं उदाहरण तर ताजं आहे. 2023 च्या वर्ल्डकपमध्ये त्याच्या संघाने सलग दहा सामने जिंकले. 19 नोव्हेंबरला अहमदाबादच्या फायनलमध्ये भारत 240 वर थांबला, ट्रॅव्हिस हेडने 137 ठोकल्या आणि सामना गेला. दहा सामने ज्याची आक्रमक बॅटिंग डोक्यावर घेतली, त्याच रोहितने 31 चेंडूंत 47 करून उंच फटका मारताना विकेट दिली म्हणून तो अचानक बेजबाबदार ठरला.

सात महिन्यांनी, 29 जून 2024 ला टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या होत्या. तिथून बुमरा, अर्शदीप आणि हार्दिकने सामना फिरवला. शेवटच्या ओव्हरमध्ये 16 हव्या असताना सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा तो झेल पकडला आणि भारत 7 धावांनी जिंकला. रोहित महान कर्णधार झाला. आता तोच झेल दोन इंच पलीकडे गेला असता तर? कर्णधाराचा एकही निर्णय न बदलता त्याच्यावरचे मीम्स बदलले असते. हो, आणि त्या विजयातला अर्शदीप तोच, ज्याचं पान दोन वर्षांपूर्वी कुणीतरी खराब केलं होतं.

पुढची पोस्ट टाकण्याआधी तीन प्रश्न

संघ हरला की राग येणारच. आपण रात्र जागवलेली असते, ऑफिसातून लवकर निघालेलो असतो. टीका करण्याचा हक्कही आहेच. फक्त टाईप करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे.

1. जी गोष्ट खटकतेय ती निर्णयाची आहे की अंमलाची? टॉस, बॉलिंग बदल, अंतिम अकरा असेल तर कर्णधाराला विचारा. सुटलेला झेल, फसलेला फटका असेल तर त्या खेळाडूला. खेळाडूच चुकीचा निवडला असेल तर निवड समितीला.

2. निर्णय झाला तेव्हा मला तो चुकीचा वाटला होता का? की निकाल लागल्यावर वाटायला लागला?

3. हीच गोष्ट करून आपण जिंकलो असतो, तर मी कौतुक केलं असतं का? उत्तर "हो" असेल, तर आपला राग निर्णयावर नाही, पराभवावर आहे.

आणि चौथी गोष्ट प्रश्न नाही, साधी रीत आहे. खेळाडूच्या खेळावर बोला. त्याची जात, धर्म, बायको, लेकरं यांचा कुठल्याच खात्याशी संबंध नाही.

शेवटी पुन्हा वाडेकर. 1974 मध्ये ज्यांना घालवून दिलं, तेच 1990 च्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परत आले. 13 मार्च 1996 ला कोलकात्यात वर्ल्डकपची सेमीफायनल होती तेव्हा ते संघासोबत होते. अझरुद्दीनने टॉस जिंकून श्रीलंकेला बॅटिंग दिली, कारण श्रीलंका त्या स्पर्धेत पाठलाग करून जिंकत आली होती. भारत 1 बाद 98 वरून 8 बाद 120 झाला. ईडन गार्डन्सवर बाटल्या पडल्या, प्रेक्षागृहात आगी लागल्या, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. विनोद कांबळी रडत बाहेर आला ते चित्र आजही सगळ्यांना आठवतं.

दुसऱ्या दिवशी देशभर चर्चा एकच होती. टॉस जिंकून बॉलिंग का घेतली? 22 धावांत 7 विकेट कशा गेल्या हा प्रश्न मागेच राहिला.

15 ऑगस्ट 2018 ला अजित वाडेकर गेले. त्या दिवशी सगळ्यांनी 1971 च्या आठवणी काढल्या, श्रद्धांजली वाहिली. घरावर पडलेल्या दगडांची आठवण फार थोड्यांनी काढली. पुढच्या वेळी भारत हरेल तेव्हा आपण ती काढायला हरकत नाही.